उभी सायकल



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर सायकलीचे काय काम, असा प्रश्न आपल्यापैकी काहींना पडला असेल. पत्रिका छापून आली तेव्हा तो आम्हालाही पडला होता. परंतु चिटणीसांनी विषय विचारला त्या क्षणी आमच्या हातांना चेनचे काळे वंगण लागलेले होते आणि दुसरे काही सुचावे अशी मनाची अवस्था नव्हती. तेव्हा आता ऐकून घ्यावे.

आमचे बिऱ्हाड नाहूरला, म्हणजे भांडुप आणि मुलुंड यांच्या मध्ये, तिसऱ्या मजल्यावर. आमच्यापाशी एक जुनी रेसर सायकल आहे. पोलादी नळ्यांची, एडक्याच्या शिंगांसारख्या वळत्या हँडलची, मागे पाच चक्रांचे फ्रीव्हील असलेली. थंडीच्या दिवसांत पहाटे पूर्व द्रुतगती मार्ग धरून ठाण्यापर्यंत जाऊन यावे, घरी येऊन चहा घ्यावा, असा आमचा क्रम. पण मृग बरसला की हे सारे थांबते. खड्डा पाण्याने भरला म्हणजे त्याची खोली कळत नाही, आणि पन्नाशी उलटलेल्या हाडांना ती कळून घेण्याची हौस उरलेली नसते. मग सायकल चार महिने जिन्याखाली. दसऱ्याला गंज खरवडून तिला झेंडूची माळ घालायची आणि ‘पुढल्या वर्षी नीट पाहू’ असे म्हणायचे. एका वर्षी भंगारवाल्याने न विचारताच तिचे वजन हातानेच अजमावले आणि भाव सांगितला. भाव वाईट नव्हता, त्यामुळेच आम्ही अधिक घाबरलो. तिला घरात आणून ट्रेनरवर चढवायची, हे त्याच संध्याकाळी ठरले.

ट्रेनर ही वस्तू ज्यांनी पाहिली नसेल त्यांनी आपले बालपण आठवावे. वडिलांची सायकल स्टँडवर लावून, दांडीखालून पाय घालून आपण पायडल फिरवीत असू. चाक गरगर फिरे, डायनामोचा दिवा लागे, आणि आपण मात्र ओसरीवरच. ट्रेनर म्हणजे त्याच खेळाचे प्रौढ रूप. एक लोखंडी अडणी मागच्या चाकाचा आस दोन्ही बाजूंनी पकडते, आणि खाली एक रूळ टायरला घट्ट टेकतो. त्या रुळाला लोहचुंबकाचा किंवा तेलाचा अडथळा जोडलेला असतो. चाक फिरते, जोर लागतो, जागा बदलत नाही. घाण्याच्या बैलाची उपमा घरातल्या मंडळींनी आम्हाला पहिल्याच दिवशी दिली. तेल मात्र निघत नाही, अशी पुस्तीही जोडली.

आता आमच्या बोलण्याचा मुद्दा. घरात उभी केलेली सायकल म्हणजे आरामाचा मामला, न ऊन न पाऊस, यंत्रालाही विश्रांती आणि माणसालाही, अशी आमची समजूत होती. ती साफ चुकीची निघाली. रस्त्यावर ज्या गोष्टींना आपण शिव्या देतो त्याच गोष्टी आपल्याला सांभाळीत असतात, हे त्या गोष्टी काढून घेतल्यावर कळते.

आरंभ आसापासून करू. नव्या सायकलींचा मागचा आस पोकळ असतो. त्यातून एक सळई जाते आणि कळ दाबली की चाक घट्ट बसते. ट्रेनरसोबत येणारी सळई त्यासाठीच घडवलेली. आमच्या सायकलीचा आस भरीव, दोन टोकांना षट्कोनी नट. ट्रेनरच्या वाटीत ते नट बसले असे वाटले, म्हणून आम्ही वर बसलो आणि चौथ्या मिनिटाला सायकलीसकट भिंतीला टेकलो. असल्या आसासाठी गोल टोपीचे वेगळे नट मिळतात, ते वाटीत बरोबर बसतात. पोकळ आस घालायचा तर कोनही बदलावे लागतात, कारण आटे जुळत नाहीत. ज्यात मागचे चाक काढून सायकल थेट यंत्राला जोडतात, असा दुसऱ्या जातीचा ट्रेनर मिळतो. तो आवाज कमी करतो आणि किंमत जास्त घेतो. पण त्यावर आजच्या धाटणीची चक्रे बसतात, आणि जुन्या सायकलीच्या मागच्या चिमट्यातली फट त्याला बहुधा अपुरी पडते. ती फट पहारीने फाकवण्याचा सल्ला आम्हाला एका उत्साही गृहस्थांनी दिला होता. आम्ही त्यांना चहा दिला.

टायरची गंमत त्याहून मोठी. ट्रेनरसाठी कठीण रबराचे खास टायर मिळते, कारण साधे टायर रुळावर घासून तापते आणि खोलीभर काळी भुकटी पसरते. आम्ही ७०० मापाचे आणले. ते काही केल्या चढेना. अंगठे सुजल्यावर शोध लागला, की आमची रिम जुन्या २७ इंची मापाची. टायर जिथे बसते तिथला तिचा व्यास ६३० मिलिमीटर, आणि ७०० मापाच्या टायरचा ६२२. या आठ मिलिमीटरांवर एक रविवार गेला. शेवटी जुनेच, पण गुळगुळीत टायर ठेवले. हवा मात्र बाजूवर छापलेल्या आकड्याइतकी, आणि दर खेपेस तपासून. रूळ टायरला नुसता टेकला की त्यापुढे मूठ दोन-तीन फेरे आवळावी. मग रूळ हाताने धरून चाक पुढे ढकलून पाहावे. घसरले तर अर्धा फेरा आणखी. काम झाल्यावर रूळ सैल करावा, नाहीतर टायर एकाच जागी चेपते.

चाकाचा आऊट काढणे हेही रस्त्यापेक्षा इथे निकडीचे. रस्त्यावर चाक दोन मिलिमीटर डुलले तर कोण पाहतो? रुळावर तेच चाक प्रत्येक फेऱ्याला एकदा आवळते आणि एकदा सुटते, आणि पायाखाली उचकी लागल्यासारखे होते. चेनलाही इथे लपायला जागा नाही. पट्टी लावून बारा पूर्ण कड्या मोजाव्यात. नवी चेन बरोबर बारा इंच भरते. एक सोळांश इंच वाढली असेल तर बदलावी. एक अष्टमांश वाढेपर्यंत थांबलात तर फ्रीव्हीलचेही दात गेलेले असतात. आमची पाव इंच भरली. दुकानदाराने ती हातात धरली, आमच्याकडे पाहिले आणि काही बोलला नाही. मग ओव्हरहॉलिंग, ज्याला आपण सारे ओव्हरऑइल म्हणतो, ते झाले: छर्रे नवे, वंगण नवे.

एवढे होऊन आम्ही बसलो, आणि वीस मिनिटांत डोळ्यांपुढे काजवे. याचे कारण साध्या गणितात आहे. पायडलवर १५० वॉटचे काम उतरवायचे तर शरीराला ६०० ते ७५० वॉट खर्चावे लागतात. उरलेली सारी उष्णता, म्हणजे जवळजवळ एका लहान इस्त्रीइतकी, अंगातून बाहेर पडायला हवी. रस्त्यावर ताशी २५ किलोमीटरने जाताना समोरचा वारा हे काम फुकट करतो. ज्या वाऱ्याला आपण ‘अंगावर येतो’ म्हणून बोल लावतो तोच हा. खोलीत वारा नाही, आणि आषाढातल्या मुंबईच्या दमट हवेत घाम सुकतच नाही, नुसता गळतो. तेव्हा पंखा ही इथे चैन नाही. तो छताचा नको, समोर जमिनीवर हवा, आणि मोठा हवा. पाण्याची बाटली हाताशी हवी. ज्यांच्या हृदयाची तक्रार आहे त्यांनी आधी वैद्याला विचारावे. घरात आहोत म्हणून धोका नाही, असे नाही.

तो घाम पडतो कोठे, तर सायकलीवर. रस्त्यावर तो मागे उडून जातो. इथे थेंब नेमाने हँडलच्या मानेवर, वरच्या नळीवर आणि चिमट्याच्या डोक्यातल्या छर्ऱ्यांवर पडतो. जिन्याखालच्या चार महिन्यांत जेवढा गंज चढला नव्हता तेवढा पहिल्या तीन आठवड्यांत चढला. आम्ही तिला भंगारातून वाचवली आणि मिठाच्या पाण्याने मारायला काढली होती! उपाय स्वस्त आहे. हँडलपासून सीटपर्यंत एक जुना पंचा पसरावा, उतरल्यावर सगळी सायकल कोरडी पुसावी आणि महिन्यातून एकदा हँडलवरची पट्टी उकलून खाली पाहावे. आणखी एक. रस्त्यावर सायकल आपल्याखाली डुलते, इथे ती मागच्या चिमट्यात जखडलेली असते. उभे राहून आडवेतिडवे जोर काढले तर तो सारा पीळ नळ्यांच्या जोडांवर येतो. म्हणून बसून चालवावी, आणि सीटचे दुखणे टाळण्यासाठी दर दहा मिनिटांनी क्षणभर उठावे.

हे सारे करून माणूस किती लांब जाऊ शकतो? अमेरिका ओलांडणाऱ्या प्रसिद्ध शर्यतीत नाशिकच्या महाजन बंधूंनी २०१५ साली दोघांच्या संघातून यश मिळवले, हे आपणास ठाऊक असेल. २०२० साली करोनामुळे ती शर्यत रद्द झाली आणि तिच्याऐवजी घरच्या घरी ट्रेनरवर चालवायची शर्यत निघाली. आपल्या सेनेतील लेफ्टनंट कर्नल भरत पन्नू यांनी त्यात सुमारे बारा दिवसांत सुमारे ४००० किलोमीटर कापले. खिडकीबाहेरचे झाड बारा दिवस तेच! बोरघाट चढून ‘घाटांचा राजा’ होणाऱ्याला निदान वर गेल्यावर खालची दरी दिसते.

आमचा विक्रम चाळीस मिनिटांचा, आणि तोही खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या संमतीने. त्या पहिल्या आठवड्यातच वर आल्या होत्या. “पहाटे पाचला तुमच्याकडे पिठाची गिरणी लागते का हो?” असे त्यांनी अगदी सौजन्याने विचारले. थरथर जमिनीतून उतरते, हे आमच्या ध्यानातच नव्हते. आता अडणीखाली जाड रबरी चटई आहे, तिच्याखाली सतरंजीची दुहेरी घडी आहे, आणि वेळ संध्याकाळी साडेसहाची, काकूंच्या घरी दूरदर्शन संच मोठ्याने लागलेला असतो तेव्हाची.

यंदा पावसाळा संपताच सायकल पुन्हा रस्त्यावर काढली. काढण्यापूर्वी आस, चेन, टायर सगळे पाहिले. ब्रेक पाहायचे राहिले. चार महिने त्यांना काही कामच नव्हते. रबरे दगडासारखी झाली होती, आणि ते आमच्या ध्यानात आले उड्डाणपुलाच्या उतारावर, पुढे बेस्टची बस उभी असताना. बसच्या मागे हातभर अंतरावर, पाय जमिनीला घाशीत, आम्ही थांबलो. त्या दिवशी चपलांऐवजी बूट घातले होते.