गाडीसमोरचं लोखंडी गार्ड

 

आमच्या ग्रामसंघानं जुनी बोलेरो घेतली, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणींना माहीत आहे. दर्यापूरकडच्या गावांतून तूरडाळ, पापड, शेवया, मिरचीपूड घेऊन कधी अमरावतीला, कधी मूर्तिजापूर-अकोल्याला विक्रीसाठी जावं लागतं. खारपाणपट्ट्यातली काळी माती, पांदण रस्ते. पावसाळ्यात साधी गाडी रुतली की संध्याकाळ तिथंच. म्हणून उंच गाडी घेतली. ती घेतली तेव्हा तिच्या तोंडाला जाड पाइपांचं गार्ड लागलेलंच होतं. विकणाऱ्यानं त्याचे वेगळे पैसे लावले नाहीत, म्हणून आम्ही खूश. गाडी कशी वाघासारखी दिसते, असं सगळ्याजणी म्हणत होतो.

मागच्या कार्तिकात अकोल्याहून परत येताना रात्री नऊच्या सुमारास हरभऱ्याच्या शेतातून रोही आडवा आला. पूर्ण वाढलेला नर दोन क्विंटलच्या वरच भरतो. गार्डनं त्याला घेतलं. गाडीचे दोन्ही लाइट शाबूत, रेडिएटर शाबूत. पण पुढच्या सीटवरच्या आमच्या काकूंच्या खांद्याचं हाड मोडलं, आणि मागची पंचवीस किलोची डाळीची कट्टी उडून ड्रायव्हरभाऊंच्या पाठीत बसली. दोघांनीही पट्टा लावलेला नव्हता. गॅरेजमध्ये गाडी वर घेतली तेव्हा चेसिसचा पुढचा भाग वाकलेला निघाला. त्याचा खर्च लाइट आणि रेडिएटर दोन्ही बदलले असते त्यापेक्षा जास्त झाला.

मग महिन्याच्या बैठकीत प्रश्न आला: वाकलेलं गार्ड काढून नवीन लावायचं का? एका मावशीचं म्हणणं होतं, "गार्ड नसतं त रोही काचीतून आत आला असता. नवं लावा, पैसे गटातून घ्या." दुसरी म्हणाली, "लोखंड वाचलं अन् बाई मोडली, कायचं गार्ड हे?" दोघींचंही पूर्ण चूक नव्हतं, म्हणून आम्ही चौकशी करायचं ठरवलं. एका मेकॅनिकभाऊंनी आम्हाला जे समजावलं, ते आमच्या शब्दांत सांगतो.

गाडीचं पुढचं तोंड मुद्दाम नरम ठेवलेलं असतं. बंपर, त्यामागची पट्टी, बोनेट हे सगळं धडकेत चेपावं अशीच त्याची बांधणी असते. पत्रा चेपताना धडकेचा जोर खातो आणि गाडी थोडी सावकाश थांबते. गार्ड मात्र नटबोल्टनं थेट चेसिसला कसलेलं असतं. ते चेपत नाही, जोर जसाच्या तसा चेसिसला देतं, आणि चेसिसकडून तो आत बसलेल्या माणसाला मिळतो. भिंतीवरून गवताच्या गंजीवर उडी मारणं आणि फरशीवर मारणं, एवढा फरक आहे. ज्या गाडीत एअरबॅग आहे तिथं आणखी घोळ. एअरबॅग कधी फुगायची हे सेन्सर ठरवतो, आणि तो कंपनीच्या मूळ बांधणीच्या हिशेबानं बसवलेला असतो. पुढं गार्ड आलं की तो हिशेब बिघडू शकतो. आमची गाडी जुनी, तिच्यात एअरबॅग नाहीच. पण १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांना ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची झाली आहे, म्हणून ज्या गटांकडं त्यानंतरची गाडी आहे त्यांनी हे कान देऊन ऐकावं.

कायद्याचंही बघितलं. केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयानं डिसेंबर २०१७ मध्येच सगळ्या राज्यांना पत्र पाठवून कळवलं आहे की असं गार्ड लावणं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ च्या विरुद्ध आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला पाच हजारांपर्यंत भुर्दंड बसू शकतो, सहा महिन्यांपर्यंत कैदेचीही तरतूद आहे. आमच्या बाबतीत मालक म्हणजे ग्रामसंघ. म्हणजे कागदावर सही करणाऱ्या अध्यक्षताई आणि सचिवताई! हे ऐकल्यावर बैठकीत जरा शांतता झाली. दुकानदार सांगतात, "हे कंपनीचंच आहे." त्यांना म्हणावं, मंजुरीचा कागद दाखवा. छोटं, चकचकीत, नाजूक दिसणारं गार्डसुद्धा चेसिसलाच कसलेलं असेल तर प्रश्न तोच.

ऑस्ट्रेलियात कांगारू गाडीपुढं येतात, तिथं अशी गार्ड सर्रास असतात, हे एका कॉलेजात शिकणाऱ्या मुलीनं शोधून सांगितलं. खरं आहे. पण तिथं त्यांच्यासाठी ठरवलेलं मानक आहे, आणि एअरबॅगला अडथळा होऊ नये याचा विचार करून त्या त्या मॉडेलसाठी ती बनवतात. आपल्याकडं वेल्डिंगच्या दुकानात पाइप वाकवून देतात.

आमचं मन खरं फिरलं ते वेगळ्याच गोष्टीनं. तीच मावशी, जिला गार्ड पाहिजे होतं, ती म्हणाली, "संध्याकाळी निंदणाहून रस्त्याच्या कडेनं आपणच त येतो. हा पाइप लेकराच्या डोक्याले बरोबर लागते पाहा." तिनं उठून गाडीजवळ नातवाला उभं करून दाखवलं. वरचा पाइप त्याच्या कानाजवळ होता. त्यानंतर मतदानाची गरज पडली नाही.

मग रोह्याचं काय करायचं? तर वेग. ताशी ८० च्या वेगानं जाणारी गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. जनावर दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद, आणि पुढं थांबायला कोरड्या रस्त्यावरही साधारण ३५-४० मीटर. म्हणजे साठेक मीटर. खालच्या लाइटचा उजेड पडतो ४०-५० मीटर. हिशेब जुळतच नाही. ५० च्या वेगाला तीसेक मीटरमध्ये गाडी थांबते. आता अंधार पडल्यावर पन्नासच्या वर जायचं नाही, हे भाऊंशी बोलून ठरवलं आहे. त्यांना वेळेची घाई आपणच लावत होतो, तेही कबूल केलं. पाटोदे विकून झाले नाहीत तरी बाजारातून पाचला निघतो.

एक रोही गेला की गाडी लगेच दामटायची नाही, मागं कळप असतो. आणि चुकवायला स्टिअरिंग फिरवायचं नाही, सरळ रेषेत ब्रेक दाबायचा. नाहीतर गाडी नाल्यात किंवा समोरच्या ट्रकखाली. धडक झालीच तर माणसांसाठी १०८, जनावरासाठी वनखात्याचा १९२६. रानडुक्कर मेलं तर त्याला घरी न्यायच्या भानगडीत कोणी पडू नका, तो गुन्हा आहे. (हसू नका, असं होतं.)

गार्डसाठी बाजूला काढलेल्या पैशांतून काचेचा वायपर बदलला, लाइटचा फोकस नीट करून घेतला, पुढचे अडकलेले पट्टे दुरुस्त केले. मागच्या आडव्या बाकांना पट्टे नव्हतेच, म्हणून तिथं आता फक्त माल, तोही दोरीनं कचकून बांधलेला. उरलेले पैसे विम्यात घातले. आपला विमा फक्त थर्ड पार्टी होता, म्हणजे रोह्यानं केलेल्या नुकसानीचा एक रुपया मिळणार नव्हता, हे आम्हाला धडक झाल्यावर कळलं. तुमच्या गाडीची पॉलिसी आजच काढून बघा.

जुनं गार्ड गावातल्या लोहारदादांनी कापून मिरची कांडपाच्या मशीनला स्टँड करून दिलं. काकूंचा हात आता वर जातो, पोळ्या लाटता येतात. गाडीत मात्र त्या अजून पुढं बसत नाहीत, मधल्या सीटवर बसतात आणि दार लागायच्या आधी सगळ्यांचे पट्टे ओढून पाहतात.