पांढरा प्लग आणि खंबाटकीचा घाट

कानात इअरफोन घालून ऐकत असाल, तर गाडी चालवताना नको. आधी बाजूला थांबा, मग ऐका. आजचा विषय आहे स्पार्क प्लग.

सुरुवात माझ्या मूर्खपणापासून करतो. बाबांची जुनी टू-स्ट्रोक गाडी मी कॉलेजात असताना माझ्याकडे आली. काही दिवसांनी ती जरा जास्तच तापायला लागली. रेस सोडली तरी इंजिनाचा आवाज लगेच खाली यायचा नाही. मी प्लग काढून पाहिला तर टोक एकदम पांढरं, खडूसारखं. मला वाटलं, वा, किती स्वच्छ! मित्रालाही दाखवला. तो म्हणाला, ‘भारी, नवाच दिसतोय.’ घासला आणि परत बसवला.

त्याच आठवड्यात पुण्याहून साताऱ्याला निघालो, मागे धाकटी बहीण. खंबाटकीच्या चढावर इंजिन अचानक जॅम झालं आणि मागचं चाक घसरलं. हात आपोआप क्लचवर गेला म्हणून गाडी सरळ राहिली. मागून ट्रक येत होता, त्याने वेळेत बाजू काढली. बहीण खाली उतरली आणि पाच मिनिटं एक शब्द बोलली नाही. ती शांतता मला अजून आठवते.

इंजिन उघडलं तर पिस्टनवर उभे ओरखडे. मिस्त्रींनी विचारलं, ‘प्लग बघितला नव्हता का?’ मी म्हटलं, ‘बघितला होता काका, एकदम पांढरा होता.’ ते हसले नाहीत. म्हणाले, ‘अरे, तो ओरडून सांगत होता तुला.’

तर प्लग काय सांगतो, ते समजून घेऊ. प्लगचं टोक थेट इंजिनाच्या पोटात असतं, जिथे पेट्रोल जळतं. म्हणून आत काय चाललंय, त्याची खूण त्याच्यावर उमटते. मधल्या इलेक्ट्रोडभोवती जो पांढरा सिरॅमिकचा भाग असतो, त्याचा रंग बघायचा.

फिकट तपकिरी किंवा राखाडी, म्हणजे चहात दूध बऱ्यापैकी घातल्यासारखा रंग असेल, तर सगळं ठीक. टू-स्ट्रोकमध्ये थोडा गडद चालतो, कारण तिथे पेट्रोलबरोबर ऑईलही जळतं.

काळा आणि कोरडा, बोटाला काजळी लागते? पेट्रोल जास्त, हवा कमी. आधी एअर फिल्टर बघा, मग चोक अडकलाय का ते बघा. बऱ्याचदा फिल्टर साफ केल्यावरच काम होतं.

काळा आणि तेलकट? फोर-स्ट्रोक गाडी असेल तर ऑईल वर येतंय. पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्हचे सील झिजले असतील. इथे नुसता प्लग बदलून उपयोग नाही.

ओला आणि पेट्रोलचा वास? ठिणगीच पडत नाहीये, किंवा पेट्रोल जास्त झालंय.

आणि पांढरा, फोड आल्यासारखा? हवा जास्त, पेट्रोल कमी. किंवा टायमिंग पुढे गेलंय, किंवा प्लगच चुकीचा आहे. टोक प्रमाणाबाहेर तापतंय. साधारण ४५० ते ८५० अंश सेल्सिअसमध्ये प्लग नीट काम करतो. त्याखाली काजळी साचते. त्याच्या फार वर गेला, तर ठिणगी पडायच्या आधीच पेट्रोल पेटू शकतं. पांढऱ्या टोकावर चमकणारे बारीक कण दिसले, तर ते बहुधा पिस्टनचं ॲल्युमिनियम असतं. मग गाडी चालवूच नका.

माझ्या गाडीत काय होतं? कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधलं रबर. मिस्त्रींनी ते काढून वाकवलं तर बारीक चीर दिसली. तिथून जास्तीची हवा आत जात होती. त्या एका रबरापायी मला नवा पिस्टन आणि बोअरचं काम, दोन्ही करावं लागलं.

आता बघायचं कसं? दहा-पंधरा किलोमीटर नेहमीसारखी गाडी चालवा, मग बंद करा. सिग्नलला उभं राहून किंवा चोक ओढून आलेला काळा रंग खोटं सांगतो. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. गरम इंजिनातून प्लग काढला तर आट्या खराब होऊ शकतात. काढण्याआधी आजूबाजूची धूळ फुंकून टाका, नाहीतर ती आत पडेल. बसवताना आधी हातानेच फिरवा. नवा प्लग हाताने पूर्ण बसला की पान्याने साधारण अर्धा फेरा, बस. प्लगचा नंबर आणि गॅप गाडीच्या मॅन्युअलमधलाच ठेवा.

‘आमची गाडी फ्युएल इंजेक्शनची आहे, मग?’ तिथे पेट्रोलचं प्रमाण कॉम्प्युटर सांभाळतो, स्क्रू फिरवायची सोय नाही. पण प्लगची भाषा तीच. दिवा लागला असेल तर आधी स्कॅन करून घ्या.

एवढंच लक्षात ठेवा, प्लग हा रिपोर्ट आहे, आजार नाही. रिपोर्ट घासून पुसून ताप उतरत नाही.

या रविवारी प्लग काढा, फोटो काढा, तारीख टाकून मोबाईलमध्ये ठेवा. सहा महिन्यांनी दुसरा काढा आणि दोन्ही शेजारी ठेवून बघा. आणि घाटात जायच्या आधी तर नक्कीच, मागे बसणाऱ्यासाठी तरी.

भेटू पुढच्या भागात. जपून चालवा!