तर्क आणि तपास



2022 सालचा गुढीपाडवा तुम्हाला आठवत असेल. 2 एप्रिलची ती संध्याकाळ. आपल्या जिल्ह्यातून आकाशात जळते गोळे जाताना दिसले. ओट्या-ओट्यावर बोलणी सुरू झाली. कोणी म्हणे विमान पडले, कोणी म्हणे उल्का. तिकडे चंद्रपूर जिल्ह्यात लाडबोरी गावात धातूचे मोठे कडे पडले. ते चिनी रॉकेटचे अवशेष आहेत, असे मग जाणकारांनी सांगितले.

नवल दिसले की माणूस तर्क करतोच. त्यात वाईट काही नाही. पण तर्क कोणाकडे बोट दाखवू लागला, की जपले पाहिजे. रॉकेटचीच दुसरी गोष्ट ऐका.

अमेरिकेत फ्लोरिडा नावाचे राज्य आहे. 1 सप्टेंबर 2016 रोजी तिथे 'फाल्कन 9' हे रॉकेट तळावर उभे होते. उड्डाण दोन दिवसांवर आले होते. इंजिनाच्या चाचणीसाठी इंधन भरताना एकदम स्फोट झाला. रॉकेट गेले. वरचा उपग्रहही गेला. जवळ कोणी नव्हते, म्हणून माणसे वाचली.

लगेच तर्क निघाले. कोणीतरी गोळी झाडली असेल! शेजारच्या दुसऱ्या कंपनीच्या छपरावर संशय गेला. छप्पर तपासले. काहीच सापडले नाही. चार महिने तपास चालला, आणि दोष घरातच निघाला. रॉकेटमध्ये पाण्यासारखा पातळ केलेला, अतिशय थंड प्राणवायू भरतात. त्या टाकीत हेलियम वायूच्या लहान टाक्या होत्या. त्यांच्या आतल्या पत्र्याला पोचे आले. पोच्यात प्राणवायू अडकला आणि आग लागली. मग टाक्या भरण्याची रीत बदलली. 14 जानेवारी 2017 ला पुढचे रॉकेट नीट उडाले.

आता माझी चूक सांगतो. मी शाळेवर असताना गावात एकाचे कुटार जळाले. लोकांनी शेजाऱ्याचे नाव घेतले. दोघांचे धुऱ्यावरून भांडण होते ना! मीही मान डोलावली. दोन महिन्यांनी उरलेला ढीग उकरला. तळाचे कुटार ओले होते. आतल्या आत तापून ते काळे पडले होते. आग आतूनच लागली होती. पण तोवर शेजाऱ्याच्या मुलीचे लग्न होऊन गेले होते. गावातले कोणी जेवायला गेले नाही. मीसुद्धा नाही. ते लग्न काही पुन्हा लागणार नव्हते.

तुम्ही आता वाचायला शिकलात. "कोणी केले?" असे विचारण्याआधी "कसे झाले?" असे विचारा. उत्तर मिळेपर्यंत कोणाचे नाव घेऊ नका.