शीव कोणीं घालावी?



शीव म्हणजे सीमा. मुंबई इंग्रजांकडे आणि साष्टी पोर्तुगीजांकडे होती, तेव्हां त्या दोहोंमधील हद्द येथेंच होती. १५ ऑगस्ट १९९५ रोजीं विदेश संचार निगमानें मुंबईंत इंटरनेट लोकांस खुलें केलें, तेव्हां सर्व हद्दी मोडल्या असें वाटलें. २०२० च्या टाळेबंदींत देवळाचीं दारें मिटलीं असतां पवित्र मिस्सा घरोघरीं पोहोंचली ती याच जाळ्यानें.

परंतु २०१२ सालीं पालघर येथें, मुंबई बंद पडल्याविषयीं एकीनें चार ओळी लिहिल्या व दुसरीनें त्यांस पसंती दिली एवढ्यावरून, दोघी तरुणींस अटक झाली. पुढें २०१५ सालीं सर्वोच्च न्यायालयानें माहिती तंत्रज्ञान कायद्याचें कलम ६६अ रद्द केलें. वाणीवर घातलेली ती शीव मोडली.

तथापि दुसऱ्या एका दास्यांतून कोणतेंही न्यायालय आम्हांस सोडवीत नाहीं. आम्ही जितका वेळ पाहत राहूं, तितक्या जाहिराती विकल्या जातात. म्हणूनच त्या पडद्यास शेवट ठेवलेला नाहीं. तो आम्हींच ठेवावयाचा. सायंकाळची रोझरी आणि एकत्र जेवण, एवढा वेळ मोबाईल दूर असावा. वाणीवर परक्याची शीव नको; वेळेवर मात्र आपली आपण घातलेली हवी.