प्लग काढल्यावरही वीज उरते

(पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी बी.ए., बी.एड. झालेला शिक्षक, विज्ञानाचा पदवीधर नव्हे. मी अँप्लिफायरच्या दुरुस्तीवर बोलावे याचे काहींना नवल वाटेल. या विषयाकडे मी आवडीने वळलो नाही, एका चुकीमुळे वळलो. ती चूक आधी सांगतो.

काही वर्षांपूर्वी उपनगरातील एका शाळेत, स्नेहसंमेलनाच्या सकाळीच अँप्लिफायर मुका झाला. तेथे शिक्षक मीच होतो. नववीची दोन मुले हाताशी होती. मी प्लग काढला, झाकण उघडले आणि म्हणालो, "प्लग काढलाय, बिनधास्त हात लावा." एका मुलाचा अंगठा आतल्या पाटीच्या खालच्या बाजूला टेकला मात्र, तो झटक्याने मागे पडला. डोके भिंतीवर आपटता आपटता वाचले. अल्लाहची मेहेरबानी, बोटावरच्या एका पांढऱ्या चट्ट्यावर निभावले. संध्याकाळी त्याच्या घरी गेलो. त्याची आई एवढेच म्हणाली, "सर, तुम्हीच सांगितलं होतं ना हात लावायला?" माझ्यापाशी उत्तर नव्हते. ते शोधता शोधता जे शिकलो, ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

जुन्या अँप्लिफायरमध्ये लोखंडी पट्ट्यांचा जड ट्रान्सफॉर्मर असे. घरातली २३० व्होल्टची वीज तो आधी उतरवी आणि मग पुढे देई. आजच्या बहुतेक स्पीकर-अँप्लिफायरमध्ये त्याची जागा एस.एम.पी.एस. नावाच्या हलक्या पाटीने घेतली आहे. हिचा क्रम उलटा असतो. ती वीज न उतरवताच एकदिश करते आणि एका मोठ्या कपॅसिटरमध्ये साठवते. २३० हा आकडा परिणामी दाबाचा आहे. लाटेचे शिखर त्याच्या सुमारे १.४१४ पट असते. म्हणून कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट चढतात. मग मॉसफेट नावाचे एक कळसूत्र ही वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करते. इतक्या जलद तोडलेल्या विजेला फेराइटचा चिमुकला ट्रान्सफॉर्मर पुरतो. त्यातून निघालेली वीज जलद डायोड आणि कपॅसिटर यांतून गाळून अँप्लिफायरला मिळते. १९७७ च्या अॅपल-दोन संगणकातही याच जातीचा पुरवठा होता.

आता त्या मुलाला धक्का का बसला? यंत्र धड असते तर प्लग काढल्यावरही मॉसफेट क्षणभर चालू राहून साठा खाऊन टाकतो. पण यंत्र बंद पडले की साठा खाणारे कोणी उरत नाही. काही पाट्यांत साठा जिरवण्यासाठी रोधक बसवलेला असतो. पण तो नसेल किंवा तुटला असेल, तर ३२५ व्होल्ट तसेच दबा धरून बसतात. म्हणजे बंद पडलेला पुरवठा चालू पुरवठ्याहून जास्त घातक ठरू शकतो. मी नेमके उलटे समजत होतो.

म्हणून पहिला नियम: प्लग काढल्यावर मीटरने मोठ्या कपॅसिटरवरचे व्होल्ट मोजावेत. असतील तर दोन-तीन हजार ओहमचा, पाच वॅटचा रोधक वेष्टन असलेल्या चिमट्यांनी त्याच्या दोन टोकांवर काही सेकंद धरावा आणि पुन्हा मोजावे. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडून साठा काढणारे खूप दिसतात. त्याने पाटी जळते आणि डोळ्यालाही धोका असतो.

दुसरा नियम फ्यूजचा. फ्यूज आतून काळा किंवा चंदेरी झाला असेल, तर आत कुठे तरी शॉर्ट आहे. नुसता नवा फ्यूज घातला तर तोही जाईल, आणि तार गुंडाळली तर घर जाईल. डायोडचा ब्रिज आणि मॉसफेट मीटरने तपासावेत. मॉसफेटच्या ड्रेन आणि सोर्स या पायांत दोन्ही बाजूंनी जवळजवळ शून्य दिसले, तर तो गेला. तो एकटा जात नाही; गेटचा रोधक, सोर्सचा लहान रोधक आणि त्याला चालवणारी आय.सी. यांचीही चौकशी करावी.

फ्यूज शाबूत आहे, कपॅसिटरवर ३२५ व्होल्ट आहेत, पण पुढे काहीच येत नाही, तर संशय आय.सी.ला पहिला धक्का देणाऱ्या रोधकावर आणि तिच्या शेजारच्या लहान कपॅसिटरवर घ्यावा. यंत्र टिकटिक करत असेल, तर पुरवठा उठू पाहतो आणि कोणी तरी त्याला खाली ओढते असे समजावे. प्लग काढून, साठा रिकामा करून अँप्लिफायरची जोडणी सोडवावी. मग टिकटिक थांबून व्होल्ट नीट आले, तर दोष पुरवठ्यात नसून अँप्लिफायरमध्ये आहे. आवाज मोठा केला की फाटतो, तर फुगलेले किंवा सुकलेले कपॅसिटर पाहावेत. उष्णतेने ते लवकर सुकतात. ढोबळ हिशेब असा की दहा अंश उष्णता कमी झाली तर आयुष्य दुप्पट होते. म्हणून अँप्लिफायरवर रुमाल, फाइल किंवा फुलदाणी ठेवू नये.

भाग बदलताना कपॅसिटर १०५ अंशांचा, तितक्याच मायक्रोफॅरडचा, तितक्या किंवा जास्त व्होल्टचा घ्यावा आणि धन-ऋण बाजू पाहून बसवावा. बाहेर जाणाऱ्या वाटेवर साधा डायोड चालत नाही, जलद जातीचाच लागतो. दुरुस्तीनंतर यंत्र सरळ विजेला लावू नये. वाटेत ६० किंवा १०० वॅटचा जुना तारेचा बल्ब ओळीत जोडावा, एल.ई.डी. चालत नाही. बल्ब क्षणभर पेटून मंदावला तर ठीक, पूर्ण उजेडाने पेटून राहिला तर शॉर्ट अजून आहे. मात्र हा बल्ब यंत्राला वाचवतो, माणसाला नाही. पाटीला वीज असताना मुलांनी हात लावू नये, आणि जाणत्यानेही एकटे असताना काम करू नये.

त्या दिवशी आमचा अँप्लिफायर शाळेजवळच्या एका दुकानदाराने अर्ध्या तासात सुरू करून दिला. सुरुवातीचा रोधक तुटला होता. हे गृहस्थ सातवीत शाळा सोडलेले; हात असा की पाटीच्या वासावरून दोष सांगतील. त्यांचा मुलगा आमचाच विद्यार्थी. त्याने वडिलांना विचारले, "अब्बा, वीज २३० ची, मग मीटर ३२५ कसं दाखवतं?" ते हसून म्हणाले, "दाखवतं, एवढं मला माहीत आहे. का, ते तुझ्या सरांना विचार." सरांनाही येत नव्हते! उत्तर बारावीच्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकात होते.

पालकहो, मला हेच सांगायचे आहे. आपल्या वस्त्यांत हातात कसब असलेली माणसे पुष्कळ आहेत आणि पुस्तके शिकलेली मुलेही आता पुष्कळ होत आहेत. दोघांची गाठ मात्र पडत नाही. कारागीर म्हणतो, "पोरगा माझ्यासारखा हातोडीवर नको." शिकलेला मुलगा वडिलांच्या दुकानात बसायला लाजतो. अल-जझरी या अभियंत्याने १२०६ साली दियारबकर येथे यंत्रांवरचा ग्रंथ पुरा केला. त्यात पाणघड्याळे आणि पंप कसे जुळवायचे हे त्याने आकृत्यांसह, बनवणाऱ्याच्या उपयोगी पडेल असे लिहिले. लेखणी आणि पाना एकाच हातात धरण्यात त्याला कमीपणा वाटला नाही.

दहावीनंतर आय.टी.आय.मध्ये 'इलेक्ट्रॉनिक मेकॅनिक' हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम असतो. अंधेरी, बोरिवली, मुलुंड येथे शासकीय आय.टी.आय. आहेत, कोठे कोणता अभ्यासक्रम आहे हे प्रवेशाच्या वेळी पाहून घ्या. मुलींनाही पाठवा, सोल्डरिंगला ताकद नव्हे, स्थिर हात लागतो. ज्यांना पुढे डिप्लोमा, पदवी करायची त्यांनी जरूर करावी. पण सुटीत एक महिना वडिलांच्या किंवा मामूंच्या दुकानातही बसावे आणि रोज एक 'का' वहीत लिहून आणावा. उत्तर आम्ही शिक्षकांनी शोधायचे.

त्या मुलाच्या आईला मी नंतर भेटलो आणि चूक माझी होती हे सांगितले. तिने विचारले, "आता पुढच्या मुलांना काय सांगाल?" तेव्हापासून आमच्या अँप्लिफायरच्या झाकणावर मी स्वतः लिहिलेली चिठ्ठी आहे: 'प्लग काढला तरी आधी मोजा.' तुमच्याही घरी, दुकानात, मशिदीत, मंडळात जिथे जिथे असे यंत्र आहे, तिथे ही चिठ्ठी लावावी, एवढी विनंती करतो आणि आपली रजा घेतो. खुदा हाफिज.