आंकडा आणि रेघ

सन २०१९ च्या ऑगस्टांत कृष्णेला महापूर आला, तेव्हां सांगलीच्या आयर्विन पुलापाशीं पाणी सुमारें ५७ फुटांवर गेलें. तेथील इशाऱ्याची पातळी ४० फूट व धोक्याची ४५ फूट, हे आंकडे मला तोंडपाठ होते. जन्मभर मीं गणित शिकविलें. परंतु माझ्या घराचा उंबरठा पुलावरील कितव्या फुटाच्या बरोबरीस आहे, हें मला ठाऊक नव्हतें! पाणी घरांत शिरलें तेव्हां तें कळलें. तोंवर खालच्या फडताळांतील पुस्तकें भिजलीं होतीं.

पाणी ओसरल्यावर भिंतीवर गढूळ रेघ उरली. आंकड्याला जें साधलें नव्हतें, तें त्या रेघेनें शेजारच्या लहान मुलांनाही समजाविलें.

चित्रानें सांगण्याची रीत आपल्या मुलखाला नवी नाहीं. सातारा जिल्ह्यांतील औंधचे अधिपति भवानराव पंतप्रतिनिधि स्वतः चित्रकार होते. त्यांनीं रामायण चित्रांतून सांगितलें व १९३८ सालीं औंधास संग्रहालय उभारलें.

हवामानशास्त्रानेंही आतां हीच वाट धरली आहे. इंग्लंडांतील रेडिंग विद्यापीठाचे एड हॉकिन्स यांनीं २०१८ सालीं प्रत्येक वर्षास एक उभा पट्टा दिला. सरासरीहून थंड वर्ष निळें, उष्ण वर्ष तांबडें. आंकडा एकही नाहीं. तरी निळाई सरत जाऊन तांबडा रंग दाटत जातो, आणि पृथ्वी तापत आहे हें निरक्षरासही उमगतें.

मात्र चित्रानें सत्याची मर्यादा सोडूं नये. हवा एक अंश सेल्सिअसनें तापली, कीं ती सुमारें सात टक्के अधिक बाष्प धरूं शकते. म्हणून अतिवृष्टीचा संभव वाढतो. परंतु प्रत्येक पूर केवळ त्यामुळेंच येतो, असें रंगविणें योग्य नव्हे. नदीकांठचीं आपलीं बांधकामेंही त्या चित्रांत दिसलीं पाहिजेत.

आमच्या गल्लींतील रेघ पुसली जाण्यापूर्वीं आम्हीं ती निळ्या रंगानें पक्की केली. उंबरठ्यापाशीं दुसरी रेघ ओढून, पाणी तेथें आलें त्या वेळचा पुलावरील आंकडा लिहिला. जुलै २०२१ मध्यें पाणी पुन्हां ५० फुटांवर गेलें. पातळी चढत असल्याचें ऐकतांच शेजारच्या मुलीनें त्या रेघेकडे बोट दाखविलें, आणि पुस्तकें वेळेवर माळ्यावर गेलीं.

आपणही घराला रंग द्याल, तेव्हां पुराची रेघ तेवढी राखावी, एवढीच विनंति.