गाठ लहान, नजर जागी

कर्करोग म्हटला की छातीत धस्स होतं. पण सगळे कर्करोग सारखे नसतात. गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीत कधी हरभऱ्याएवढी, न पसरलेली कर्करोगाची गाठ सापडते. जपानात कोबे शहरी कुमा रुग्णालयाने १९९३ पासून अशा रोग्यांना दोन वाटा दिल्या : लगेच शस्त्रक्रिया किंवा नुसती देखरेख.

देखरेखीतल्या १२३५ जणांचा हिशोब २०१४ साली छापला. त्या रोगाने एकही दगावला नव्हता. दहा वर्षांत शंभरात आठांची गाठ वाढली. गरज पडली त्यांची शस्त्रक्रिया मग केली. शस्त्रक्रियेने कधी आवाज बसतो, कधी जन्मभर गोळी लागते.

पण देखरेख म्हणजे विसरणं नव्हे. दरसाल सोनोग्राफी हवीच. कोणती गाठ थांबण्याजोगी, ते डॉक्टर ठरवतील. आपण तारीख चुकवायची नाही.